हिचा एक धड फोटो

आमची ही फोटोत थांबत नसे. लग्नाच्या फोटोत मी खांबासारखा उभा आहे आणि शेजारी एक हिरवा पट्टा. तो पट्टा म्हणजे ही.

कारण दर वेळी तेच. फोटोवाला तयार झाला की नेमकं हिला कोणाचं तरी काही वाकडं दिसायचं. कोणाची कॉलर दुमडलेली, कोणाचा पदर अडकलेला. एका बारशात लोक ताटकळत उभे, आणि ही बसली शेजारच्या पोराचं नाक पुसत. मी ओरडलो तर म्हणते, "फोटो का पळून रायला? पोराले श्वास घेऊ द्या न जी." आम्हाला मूल नाही, त्यामुळे हिला सगळीच पोरं पुसायला मोकळी.

कारखान्याच्या नोकरीसाठी आम्ही वर्ध्याहून पुण्याला, विश्रांतवाडीत आलो. उभा जन्म इथे गेला, हिची बोली काही बदलली नाही. हाताची सवयही नाही. शेवटी दवाखान्यात नर्स सुई टोचत होती, तर ही दुसऱ्या हाताने तिच्या बाहीचा सुटलेला दोरा तोडत होती.

हिवाळ्यात गेली. तेरवीला हार घालायला फोटो पाहिजे. वरच्या मजल्यावर अनघा राहते, खराडीला कॉम्प्युटरवर काम करते. हिच्या आजारपणातच राहायला आलेली, त्यामुळे हिला धड हिंडताफिरताना तिने पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "द्या काका. हललेला फोटो साफ करायचं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे."

मी त्या बारशातला दिला, त्यातही ही पट्टाच. पाच मिनिटांत पट्ट्यातून बाई निघाली. कातडी गुळगुळीत, दात एका ओळीत.

"बाई चांगली आहे," मी म्हणालो, "पण ही माझी नाही."

"जे फोटोत दिसत नाही ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, काका. त्याने लाखो चेहरे पाहिलेत."

"हिचा नाही पाहिला."

"मग तुम्ही सांगा, मी तसं करून बघते. भुवया जाड होत्या? हसताना खळी पडायची का?"

चौथी शिकलेला माणूस आहे, पण हे काही शाळेत शिकायचं नव्हतं. बेचाळीस वर्षं ताटात बघून जेवलो. मीठ कमी असलं की पहिल्या घासाला कळायचं. खळीचं सांगता येईना.

अनघाने लॅपटॉप जरा बाजूला सारला. "एकही स्पष्ट फोटो नाही का काकूंचा?"

होता. कपाटात, साड्यांखाली. ही एकदाच थांबली, आणि तिला मीच थांबवलं होतं. रिटायर झालो तेव्हा कारखान्यात सत्कार झाला. साहेब, कामगार, सगळे समोर. फोटोवाला तयार, आणि हिने माझा हार सरळ करायला हात उचलला. मी खेकसलो, "चारचौघांत तरी माणसासारखी उभी राहा." काही जण हसले. हिने हात खाली घेतला. "चुकलं जी," एवढंच म्हणाली आणि ताठ उभी राहिली. त्या फोटोत साडीच्या काठाचे टाकेसुद्धा मोजता येतात. पुढे कोणी फोटो काढायला लागलं की ही आत स्वयंपाकघरात जायची. मीही कधी हाक मारली नाही.

तो फोटो काढून दिला आणि हे सगळं अनघाला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "ओठांचे कोपरे थोडे वर करता येतात, काका. कोणाला कळणार नाही."

तिने केलं. ही हसली. मी बराच वेळ बघत बसलो. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग म्हणालो, "काढून टाक ते."

"का? छान दिसताहेत."

"ते तोंड माझ्यामुळे उतरलंय. तसंच राहू दे."

तेरवीला तोच लावला. हार घालताना गल्लीतली एक बाई म्हणाली, "काकू रागावल्यासारख्या दिसतात हो यात."

"ती नव्हती रागावली," मी म्हणालो. "मी रागावलो होतो."