आई कडेकडेनं चालली

गोव्याला आईला नेलं ते समुद्र दाखवायला. खरं सांगायचं तर तिचं डोकं दुसरीकडे वळवायला. वडील जाऊन वर्ष झालं, आणि तिनं एकच धोशा लावलेला : रानात त्यांची समाधी बांध. रान पाटणजवळ, चुलतभावाकडे वाट्यानं. मी सांगलीत, विश्रामबागेत. उसात मधेच चौथरा म्हणजे नांगराला आडकाठी. म्हणून मी आपला आज-उद्या करत होतो.

वाटेत जुनं चर्च दिसलं. “आत काय हाय, बगू की,” म्हणत ती उतरलीच. दारात चपला काढल्या. इथं कुणी काढत नाही म्हटलं, पण ऐकेल तर शपथ.

आत वेदीवर सगळं सोनेरी कोरीव काम. पीळ घातलेले खांब, त्यांवर द्राक्षांचे वेल, पंखवाली गुबगुबीत बाळं. ती मान वर करून एकेक न्याहाळत राहिली. “लय दूधदुभत्याच्या घरची दिसत्यात पोरं.”

मग तिचं लक्ष खाली गेलं. फरशीवर अक्षरं होती. चर्च बांधणाऱ्या जमीनदार घराण्याची माणसं खाली पुरलीत, असं मी सांगितलं मात्र, ती चटकन बाजूला झाली. तिथून पुढं भिंतीला धरून कडेकडेनं चालली.

बाजूच्या खोलीत त्याच घराण्याची मोठी संगमरवरी थडगी होती. एक म्हातारा तिथं झाडत होता.

“आवं भाऊ, ह्यांच्या घरचं कोण येतं का दिवा लावाय?”

त्यानं केरसुणी थांबवली. घरचे सगळे कधीच परदेशी गेले, म्हणाला. झाडतो तो, मेणबत्तीही तोच लावतो. आधी त्याचा बाप लावायचा.

“तुमचं कोण लागत्यात हे?”

“कोण नाय.”

आईनं त्या दगडांना हात जोडले. बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणाली, “समाधी बांधली, तर तू कवा येशील दिवा लावाय?”

“येईन की. दर अमावस्येला.”

“खरं सांग.”

“दिवाळीला,” मी म्हणालो.

“मग नगं बांधू. परक्यानं झाडण्यापरास ऊसच बरा.”

वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि इतकी लाज वाटली की ती गाडीत जाऊन बसली तरी मी पायरीवरच उभा होतो.