कासवाची भिंत

मैत्रीण गाव सोडून गेली आणि तिचं तळहाताएवढं कासव आमच्याकडे राहायला आलं. मी हौसेने त्याच्यासाठी काचेची पेटी आणली. म्हटलं, कुठूनही पाहिलं तरी दिसेल. पण ते बापडं दिवसभर काचेला नाक घासत चालत राहिलं. समोर अख्खी खोली दिसतेय, मग पुढे का जाता येत नाही, हे त्याला उमगेना.

गावचं घर बंद करून आमच्याकडे आलेली आत्या खाटेवरून बघत होती.

"अगं, त्याला भिंत दिसत नाहीये. भिंत दिसली की थांबेल."

तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पेटीच्या खालच्या भागाभोवती गुंडाळली. आत एक फुटकं मडकं आडवं ठेवलं. कासवाने कडेकडेने एक फेरी मारली, मडक्यात शिरलं आणि पाय आत ओढून निवांत झालं.

आपण लाडाने घर देतो, ते बहुतेकदा आपल्याच डोळ्यांच्या सोयीचं असतं. मला ते कासव सतत दिसायला हवं होतं, आणि त्याला जरा वेळ कुणालाच दिसायचं नव्हतं.

संध्याकाळी आत्याच्या खोलीत गेले. भरपूर उजेडाची, मोठ्या काचेच्या खिडकीची ही खोली मीच तिला कौतुकाने दिलेली. खिडकीवर अर्ध्यापर्यंत तिचं एक लुगडं दोरीवर टाकलेलं असतं. रोज मी ते बाजूला सारते आणि दुपारपर्यंत ते पुन्हा जागेवर येतं. आज मी त्याची दोन्ही टोकं खिळ्यांना नीट बांधायला घेतली.

"फार घट्ट नको गं," आत्या म्हणाली, "कधीतरी बाहेर बघावंसंही वाटतं."