उजवी कूस

चंद्रमौली रावांचं कुंभकोणममध्ये पितळी भांड्यांचं दुकान, आणि तपकिरीची डबी कायम कनवटीला. त्या वासाला वैतागून रुक्मिणीबाई लग्नाच्या पहिल्याच वर्षी डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपू लागल्या, त्या आजवर तशाच. रावांना बायकोचा अंबाडा तेवढा पाठ झाला होता.

यंदा पोंगलनंतर एका सकाळी बाईंना खोकल्याची उबळ आली आणि पेलाभर रक्त पडलं. त्यांच्या उजव्या फुप्फुसात जुन्या क्षयाचा व्रण होता. फोनवर डॉक्टर म्हणाले, "उजव्या कुशीवर निजवा, उताणं नको. चांगल्या फुप्फुसात रक्त उतरलं तर श्वास कोंडेल. लगेच निघा."

रावांनी तसंच निजवलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बाई सारखं त्यांच्याकडेच बघत होत्या. तशातही पुटपुटल्या, "मिशा पार पिकल्या की तुमच्या."

तंजावरला डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी वर नेऊन वाहणारी रक्तवाहिनी आतूनच बुजवली. रक्त थांबलं. बाई घरी परतल्या त्या रावांनी केलेल्या सांबाराला नावं ठेवतच.

जेवणं झाल्यावर दोघं जरा आडवी झाली. बाई उजव्या कुशीवर वळल्या. रावांचा हात सवयीने कनवटीला गेला आणि रिकामाच परत आला. डबी त्यांनी इस्पितळाच्या दारातच टाकून दिली होती.

"आता कुठल्याही कुशीवर चालतं म्हणाले डॉक्टर," राव म्हणाले.

"ऐकलंय मी," बाई म्हणाल्या, आणि तशाच पडून राहिल्या.