दुसरी बाही

डॉक्टर व्हायला काय काय लागतं, हे जालन्यात कोणी बेबीनंदाला विचारावं. सतरा वर्षं पूर्ण पाहिजेत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पाहिजे. जातीचा दाखला पाहिजे, दाखला खरा आहे याची वर पडताळणी पाहिजे, रहिवासी पाहिजे, उत्पन्नाचं पाहिजे, आणि ज्याची सही लागते तो साहेब त्या दिवशी तहसिलात जाग्यावर पाहिजे. क्लास लावायला बापाची छाती पाहिजे. एवढं सगळं जमलं, की मंग बाह्या अर्ध्या पाहिजेत. हो, बाह्या. ज्या पोरीनं दोन वर्षं बसून माणसाचं काळीज पाठ केलं, तिला गेटावरचा माणूस काळजाबद्दल काही विचारत नाही. तो तिच्या मनगटाकडं बघतो. बाही लांब दिसली की म्हणतो, व्हा बाजूला.

आणि बाजूला म्हणजे कुठं, तर समोर बेबीनंदाच्या दारात. शहराच्या टोकाला एक कॉलेज आहे, दरवर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी तिथं नीटच्या परीक्षेचं सेंटर पडतं. त्याच्या समोरच्या लाईनीत बेबीनंदाचं घर. नवरा भिवा सळईच्या कारखान्यात, पोरगा प्रेम मोबाईलच्या दुकानात, आणि ही दारातल्या मशीनवर. ब्लाऊज, परकर, पोरींचे ड्रेस. परीक्षेच्या दिवशी मात्र फक्त बाह्या. पेपर दोन वाजता, गेट दीडला बंद. बंद म्हणजे बंद, मंग ब्रह्मदेव आला तरी उघडायचं नाही.

बेबीनंदाची एक खोड होती. तिच्या हातून कच्ची कड बाहेर जायची नाही. कापड कापलं की दुमडून टीप मारलीच पाहिजे. गल्लीतल्या बाया चेष्टा करायच्या, की ही बया पोतेऱ्याला पण टीप मारते. पण त्याला कारण होतं. लहानपणी केदारखेड्याच्या शाळेत ती मोठ्या बहिणीचा फ्रॉक खालून कापून घालायची. मागच्या बाकावरच्या पोरी त्याचे लोंबते दोरे ओढायच्या आणि हसायच्या. एकदा तर बाईंनी प्रश्न विचारला, उत्तर तिला येत होतं, पण दोरे दिसतील म्हणून ती उभीच राहिली नाही. ते उत्तर तिच्या घशात अजून आहे, असं ती भिवाला म्हणायची. म्हणून लेकरं परीक्षेला निघाली तरी बेबीनंदा आधी बाही कापायची, मंग टीप मारायची, मंग पाठीवर हात ठेवून सोडायची. कोणाला कधी उशीर झाला नव्हता.

त्या साली झाला. वाटूरहून एक पोरगी बापाच्या मोटारसायकलवर आली. वाटेत टायर बसलं होतं, त्यामुळं आधीच घाई. उन्हाचा चटका नको म्हणून आईनं तिला लांब बाहीचा पिवळा ड्रेस घातलेला. गेटावरच्यानं तिला परत पाठवलं, तशी ती पळत दारात आली. बोलायला तोंडात थुंकी नव्हती, नुसते दोन्ही हात पुढं केले. बेबीनंदानं कात्री चालवली. कापड हलकं होतं, कापल्या कापल्या दोरे सुटायला लागले. तिच्या डोळ्यांपुढं केदारखेड्याचा बाक आला. म्हणाली, थांब माय, असं चिंध्या लोंबवत जाऊ नको, एक मिनिट. पहिली बाही झाली. दुसरीला दोरा तुटला. सुईत ओवायला गेली तर भोक काही सापडेना. बाप बाहेरून म्हणत होता, वाटूरहून आलोय, टायर बसलं, जल्दी, जल्दी. शेवटी पोरगी उठली आणि तशीच पळाली, एक बाही शिवलेली, एक उघडी.

गेट तिच्या तोंडापुढं लागलं. बाप गेटावरच्याच्या पाया पडला. गेटावरचा वाईट नव्हता, त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले, पण कुलूप काढलं नाही. पोरगी रडली नाही. तिनं वळून एकदा बेबीनंदाच्या दाराकडं पाहिलं, बस. मंग बापलेक निघून गेले, आणि बेबीनंदानं नावसुद्धा विचारलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी बेबीनंदानं मशीनवरून मान वर केली, तर पोरगी गेटापाशी उभी. पिवळा ड्रेस, एक बाही नीट, दुसरीचे दोरे लोंबतेत. कॉलेजला सुट्ट्या, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. बेबीनंदा चप्पल न घालता डांबरावरून पळत गेली. गेटापाशी कोणी नव्हतं. पायाला फोड आले ते तेवढे खरे.

तेव्हापासून ती दिसायचीच. रोज नाही. पण ज्या दिवशी बाहीचं काम हातात असेल त्या दिवशी बराबर दिसायची. काही बोलायची नाही, धरायची नाही, नुसती गेट उघडायची वाट बघत उभी. बेबीनंदाचा हात बाहीवर आला की थबकायला लागला. ब्लाऊज अर्धे पडून राहायला लागले, गिऱ्हाइकं बोलायला लागली. प्रेम म्हणायचा, आई, ऊन लागून राह्यलंय तुला. शेजारची मालनबाई म्हणाली, लिंबू उतरव, कोणाला तरी दाखव. आता बेबीनंदाची पंचाईत बघा. हिंदूच्या घरची असती तर भूत म्हणून मोकळी झाली असती, उतारा टाकला असता, देवाला नवस बोलला असता. पण हिच्या सासऱ्यानं बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या. भिवा समजुतीनं म्हणाला, बाबासाहेबांनी आपल्याला ह्या खड्ड्यातून काढलं, आता तू परत उतरू नको. तिला पटायचं. ती स्वतःच सांगायची की भूत-बीत काही नसतं. मंग जे दिसतं त्याला म्हणावं काय, ते तिला कोणी सांगेना. बुद्धवंदना घेताना डोळे मिटले तरी समोर गेट.

पुढच्या मे महिन्यात ती सकाळपासून कात्री घेऊन गेटापाशीच उभी राहिली. बाही दिसली की कापायची आणि लेकराला अक्षरशः ढकलायची, जा, पळ, दोरे लोंबू दे. टीप नाही, काही नाही. लेकरांचे आईबाप सावलीला बसायचे, त्यांच्याशी बोलून बोलून तिला परीक्षेचे सगळे कायदे पाठ झाले. गल्ली हसली, की बेबीनंदाच आता नीटला बसणार. गर्दीत ती पिवळा ड्रेस हुडकत होती. पोरगी पुन्हा परीक्षेला आली म्हणजे सुटले, एवढंच तिच्या मनात. पोरगी आली नाही. त्याच्या पुढच्या सालीही आली नाही.

मंग मालनबाईनं एक दिवस सहज सांगितलं, की वाटूरकडच्या कोण्या पोरीनं परीक्षा हुकली म्हणून फवारणीचं औषध घेतल्तं म्हणे. कधी, कोणाची, मेली का वाचली, काही ठाऊक नाही. सांगणारीनं सांगितलं आणि ती भाजी घ्यायला गेली. इतके दिवस ती म्हणत होती, हे भूत नाही. आता तिला खात्री करून घ्यायची होती, की ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता एसटीत बसली आणि वाटूर फाट्यावर उतरली. कोणाला काय विचारणार? नाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही. चहाच्या टपरीवाल्याला तिनं सांगितलं, एक पोरगी, दोन-तीन सालांमागं नीटला गेल्ती, उशीर झाल्ता. तो म्हणाला, मावशी, इथं घरटी एक पोरगी नीटला जाते, कोणाकोणाचं सांगू? त्या लॅबात विचारा. तिथली पोरगी सायन्सचीच आहे, तिला सगळ्यांचं माहीत असतं.

लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासायची एक खोली. आत पांढरा कोट घातलेली पोरगी खाली मान घालून बाटल्यांवर नावं लिहीत होती. तिनं मान वर केली, आणि बेबीनंदा दारातच थांबली. हेच तोंड. गेटापाशी पाहिलेलं. थोडं भरलेलं, पण हेच. जिवंत होती. बेबीनंदाला हसावं का रडावं कळेना, ती मटकन खुर्चीत बसली. पोरीला वाटलं शुगर तपासायला आली. हात घेतला, वर रबर बांधलं, मूठ आवळायला सांगितली. रबरी मोज्यातूनही बोटं गरम लागत होती. भुताची बोटं गरम नसतात, असं बेबीनंदाच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

सुई टोचल्यावर तिनं विचारलं, "पोरी, तू नीटला बसल्तीस का?"

"बसले नव्हते. गेटापर्यंत गेल्ते."

पोरीचं नाव साधना. रक्त काढता काढता तिनंच सगळं सांगितलं, पुष्कळदा सांगितलेलं असावं असं सांगितलं. पुढच्या सालीचा अर्ज बापानं भरू दिला नाही, त्याचं मन मोडलं होतं. मंग हा लॅबचा कोर्स केला. औषध घेतलेली पोरगी दुसरी होती, ती पण वाचली, तिचं रक्त साधनानंच काढलं होतं. आणि गेट चुकलं ते स्वतःमुळं, असं ती म्हणाली. समोर एक टेलर बाई होती. एक बाही झाल्यावर ती बाई म्हणाली, राहू दे आता, पळ. "मीच दुसरा हात पुढं केला. म्हणले, ही पण करा. परीक्षेला नीट जावं वाटलं मला. दोन वर्षं अभ्यास केला, आणि शेवटी नटायला थांबले."

बेबीनंदा राहू दे म्हणाली होती? तिला आठवेना. तिनं डोळे मिटून तो दिवस पुन्हा उघडला, दोरा आठवला, सुई आठवली, बापाचं जल्दी जल्दी आठवलं. स्वतःचं बोलणं काही आठवेना. तिनं इतकी सालं जो दोष छातीवर घेतला, तोच ही पोरगी घेऊन बसली होती. एवढ्याशा मिनिटाला दोन धनी.

"ती बाई मी," बेबीनंदा म्हणाली. "तू काही केलं न्हाईस, माय. उशीर माझ्यानं झाला."

साधनानं सुई काढली, कापूस ठेवला, अंगठ्यानं दाबून धरला. तुम्ही दारात आल्या तेव्हाच ओळखलं, म्हणाली. रागावली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं खांद्याला पुसलं, कारण हातात मोजे होते.

बेबीनंदाला आता धीर आला. गेटापाशी आईबापांकडून ऐकलेलं सगळं तिच्या तोंडी भडाभडा आलं. वरच्या वयाची अट काढून टाकली आहे, कितीदा बसावं याचीही अट नाही, तीस-चाळिशीतले लोक बसतात, तिनं डोळ्यांनी पाहिलेत. मी तुझ्या बापाशी बोलते, मी सकाळपासून गेटापाशी उभी राहते, तू फक्त ये. तिनं पोरीचा हात दोन्ही हातांत धरला. "अजून तुझं काही गेलं न्हाई. बिलकुल न्हाई. गेट उघडंच हाये."

साधनानं हळूच हात सोडवून घेतला. बाहेर बाकावर लोक थांबले होते, कोणीतरी खोकलं.

"ठाऊक हाये मला, मावशी," ती म्हणाली. "दरवर्षी उघडं असतं. बंद झालं असतं ना कायमचं, तर मला झोप आली असती."

मंग तिनं बेबीनंदाच्या रक्ताच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, पेन उचलला आणि नाव विचारलं.