ट्रॅकपॅडवरची मधली रेघ

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसणारा माणूस मी. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा चहासोबत टाइमपास म्हणून वाचायचो. म्हणून आज स्वतः लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

मी सेलू तालुक्यातल्या वालूरचा. बाजारात नवीन गॅझेट आलं की माझ्या जिवाला चैन नसतं. लॅपटॉप घेतला तेव्हा घरादाराला बसवून ट्रॅकपॅडच्या करामती दाखवल्या – दोन बोटं फिरवली की पान वर-खाली, तीन बोटं आडवी ओढली की एक विंडो जाऊन दुसरी समोर. माझे वडील, अप्पा, बघून म्हणाले, "आरं, हे तर विभूती लावल्यावानी झालं की!" आमच्यात लिंगपूजेनंतर कपाळावर तीन बोटांनी विभूती ओढतात. अप्पांनी करून बघितलं, पण जमेना. त्यांच्या मधल्या बोटाचं टोक कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटून गेलेलं. लॅपटॉप दोनच बोटं मोजायचा आणि पान सरकवायचा. "तुझं मशीन बी लय चिकित्सक हाय बाबा," म्हणून पोटभर हसले.

त्याच उन्हाळ्यात अप्पा गेले.

पुढं धाकट्या भावाशी, मन्मथशी, माझं बिनसलं. कारण क्षुल्लक होतं, पण मी इरेला पेटलो. कुणाला न सांगता शेताच्या वाटणीचा अर्ज टाइप करायला घेतला. आणि तिथून सुरू झालं! अर्ज उघडला की विंडो आपोआप आडवी सरकायची. माझे हात तेव्हा चहाच्या कपावर! परभणीला दुकानात दाखवलं, सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं. बाकी कामाला लॅपटॉप ठणठणीत, अर्ज उघडला की पुन्हा तेच.

मग एका सकाळी ट्रॅकपॅडवर राखाडी रेघा दिसल्या. विभूती! मी तर ती लावणं कधीच सोडलं होतं (ऑनलाइन मीटिंगमध्ये बरं दिसत नाही म्हणून... हो, खरं तेच सांगतो). माय आणि भावजय माझ्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. उरला मन्मथ. माझं डोकंच फिरलं.

"चोरून माझं वाचायलास व्हय रे?"

"अप्पाची आण, दादा. मला ते चालू बी करता येत न्हाई."

"आण नको घेऊ. आधी बोटं धू तुझी."

नुकत्याच पूजेवरून उठलेल्या माणसाला मी हे बोललो, तेही मायसमोर. तो आत जाऊन पिशवी भरू लागला. बायकोला घेऊन दुपारच्या गाडीनं गंगाखेडला सासरवाडीला निघून गेला. मायनं माझ्याशी बोलणं टाकलं.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी खोलीला कुलूप घातलं, किल्ली करदोड्याला अडकवली आणि अंघोळीला गेलो. येऊन बघतो तर ट्रॅकपॅडवर ताज्या रेघा. बोट लावलं तर भुकटी लागली.

मन्मथला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल रेघांवर धरला. त्यानं रेघा नीट बघितल्या. मग स्वतःची तीन बोटं कॅमेऱ्यासमोर धरली.

"माझी तिन्ही शाबूत हायेत, दादा. मधली रेघ बघ की."

मधली रेघ पुसट होती, असून नसल्यासारखी. अप्पांच्या कपाळावर मला कळतंय तेव्हापासून तशीच असायची. मला रडू आवरेना. "चुकलो रे, घरी ये," एवढंच म्हणालो.

तो संध्याकाळच्या एसटीनं आला, तेव्हा विंडो आपोआप सरकते तेही त्याला सांगितलं; अर्जाचं तेवढं सोडून. धूळ असेल, मनाचे खेळ असतील... सगळं म्हणून बघितलंय मी. पण बंद खोलीत राख आली कुठून? आणि जे बोट मशीनला जिवंतपणी कळलं नाही, ते आता कसं कळायलंय? अजून काही पत्ता लागलेला नाही.

मन्मथनं यातलं काहीच विचारलं नाही. लॅपटॉपला हात जोडले, माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "अप्पा सरकवायलेत ते खरं... पण दादा, तू तवा उघडलं काय होतंस?"