दगूफुई आणि मरळीची पिले

आज मी चार माणसांत उभा राहून बोलू शकतो, ते एका बाईमुळे. माझी फुई, दगूबाई. वडिलांची थोरली बहीण. आषाढ सरत आला होता. धुळ्याच्या शाळेत माझा तास चालू होता, तेवढ्यात शिपायाने फुई गेल्याची तार आणून दिली. फळ्यावरचे गणित अर्धे टाकून मी खुर्चीवर बसलो. आता त्याला काही आठवडे होऊन गेले, तरी पाऊस सुरू झाला की वाटते, फुई या वेळी तलावाच्या पाळीवर असेल.

आम्ही भोई. नंदुरबारहून रनाळ्याकडे जाताना लागणारा सरकारी तलाव हेच आमचे शेत. मोठ्या दुष्काळात सरकारने तो मजुरीवर बांधून घेतला, तेव्हा लहानग्या फुईने त्या पाळीवर मातीच्या टोपल्या वाहिल्या होत्या. कोणी पाळीवर थुंकले तर ती ओरडे, "ही माती मन्हा डोकावर व्हती. सांभाळीसन थुक!" माझे आईवडील मागोमाग गेले आणि विधवा होऊन माहेरी आलेल्या फुईच्या पदरात मी पडलो. ती मासे विकायची आणि मला शाळेत धाडायची. शाळेत माझ्या अंगाला वास येतो म्हणून पोरे नाक धरत. मी रडत घरी आलो तर म्हणाली, "नाक धरतस ना? धरू दे. एक हात नाकवर गया, म्हंजे तुले माराले एकच हात उरना." दुसऱ्या दिवशी मी हसतच शाळेत गेलो.

तलावाचे वर्ष तिच्या अंगात मुरलेले होते. आषाढात नाल्याचे गढूळ पाणी आत शिरले की पोटात अंडी घेऊन मासा उलट्या धारेने वर चढतो. तेव्हा सांडव्यावर तो नुसत्या टोपलीने सापडतो, पण फुई आमच्या वस्तीत कोणाला टोपली लावू देत नसे. श्रावणात मरळ माशाची पिले वर येतात. कुंकू सांडावे तसा लाल थवा पाण्यावर फिरतो आणि खाली मरळ राखण करीत असते. त्या वेळी गळ टाका, काठी टाका, ती रागाने झेपावते आणि हमखास सापडते. "लेकुरवाळीले धरानं नही," एवढेच फुई म्हणे. आश्विनात पाणी निवळले की जाळी निघत. थंडीत मासा तळाशी सुस्त पडे, आणि वैशाखात तलाव आटत आटत पाणी सोडायच्या मोरीजवळच्या एका खड्ड्यापुरता उरे. त्या खड्ड्याला आम्ही 'बी' म्हणत असू. शेतकरी पेरणीचे दाणे खात नाही, तसे त्या खड्ड्यात कोणी जाळे टाकीत नसे.

तलावाचा मक्ता नंदुरबारच्या रहीमचाचांकडे असे. दर वैशाखात ते फुईला डिवचत, "दगूबाई, तुन्हं बी घार खाई जाई. त्यापेक्षा आपण खाऊत!" फुई म्हणे, "घारना पोटले अंत शे, रहीमभाऊ. मक्तेदारना पोटले नही." मग दोघेही हसत.

मी पुण्याला कॉलेजात गेलो. शेवटच्या वर्षाआधीच्या सुटीत शिकवण्या करीत तिकडेच राहिलो. आमच्याकडे पाऊस कमी झालेला होता, तलाव लवकर आटला होता, एवढे कानावर आले. तरी फीची मनिऑर्डर वेळेवर आली. ती कशी आली, हे विचारायचे मला सुचले नाही. आपल्या माणसाने पाठवलेले आपण नेहमी असेच घेतो... पुढच्या वर्षी मी पास झालो, फुईला पत्र टाकले, आणि तिच्यातर्फे शाळामास्तरांनी लिहिलेले उत्तर आले. आशीर्वादाच्या खाली एक ओळ होती, "पिले अजून नाहीत. दम धर."

त्याच्या पुढच्या साली, नोकरी लागल्यावर, श्रावणात मी रजेवर घरी गेलो. अजून पिशवीही ठेवली नव्हती, तोच फुईने हात धरून मला पाळीवर नेले. सांडव्याजवळ सुपाएवढा लाल थवा फिरत होता. मी मोजायला बोट उचलले, तिने ते धरले. "मोजू नको रे, दिठ लागी." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते. मी समजलो, वयाने येत असेल.

तिच्या दहाव्याला रहीमचाचा आले. पाटावर न बसता ते चुलीपाशी उपडे ठेवलेले मडके बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, हाई मडकं कोनले देऊ नका."

"का, चाचा?"

"तुन्ही फीना सालले तिनी स्वतः माले सांगं, रहीमभाऊ, यंदा बी काढी ल्या. मी म्हनं, दगूबाई, याड लागं का? तलाव उजाड व्हई जाई! तर म्हने, मासा देव देई. फी काय देव देस का? जाळं वढताना ती पाठ फिरायी बठेल व्हती. मंग तलाव भरना, पन मरळ नही. तिनी पाळवर येनं सोडी दिन्हं."

त्याच दिवसांत माझे पास झाल्याचे पत्र आले होते, चाचा सांगत गेले. शाळामास्तरांनी ते वाचून दाखवले. फुई चाचांना म्हणाली, "पोऱ्याले काय सांगू? खोटं सांगता नही येस." दुसऱ्या दिवशी मडके घेऊन ती चाचांसोबत आगगाडीने खांडबाऱ्याला गेली. तिथल्या नदीतून जित्या मरळी घेतल्या, मडक्यात घातल्या, वर ओले फडके बांधले. परतीच्या गाडीत तिकीटबाबूने विचारले, "बाई, मडकामा काय शे?"

"पाव्हना शेत, साहेब. माहेरले चालनात. त्यास्ले तिकीट लागस का?"

मडके आतून धडपडले आणि बाबू मागे सरकला. हे सांगताना चाचा हसले, आणि हसता हसता त्यांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. स्टेशनापासून तलावापर्यंत ते मडके फुईनेच नेले, चाचांना हात लावू दिला नाही, आणि मरळी तलावात सोडल्या. त्या पावसाळ्यात ती पुन्हा पुन्हा गेली.

ते मडके आता धुळ्याला माझ्या टेबलाजवळ आहे. आत तोंड घातले तर अजून ओल्या गाळाचा वास येतो. माझे ते पत्रही घरी सापडले. शाळेच्या मराठीला फुई 'कचेरीनी बोली' म्हणे, म्हणून मी ते आमच्या घरच्या बोलीत लिहिले होते. तेच इथे देतो.

"दगूफुईले भिलाना नमस्कार. फुई, मी बी.ए. पास व्हयनू. कागदवर नाव मन्हं शे, पन पास तू व्हयनी. रडू नको. रहीमचाचाले गूळ दे. आठे पाऊस लागना, तठेबी लागना व्हई. आठे सम्दं शे, पन आपला तलाव नही. फुई, मरळ पिले संगे लईसन वर उनी का? पाळवर जाईसन देख, आनि माले सांगी धाड. मी वाट देखी ऱ्हायनू. तुन्हा, भिला."