सासूबाईंना पाहून लाल होणारं यंत्र

सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी फुंकरताई चौथ्या मजल्यावरच्या एका घरात, बैठकीच्या खोलीत, फरशीवर पालथी पडली होती. एक डोळा मिटलेला, दातांत टॉर्च, आणि नाकापासून चार बोटांवर गुडघ्याएवढ्या उंचीचं पांढरं यंत्र. हवा शुद्ध करणारं. ते आत्ता बंद होतं, कारण आल्या आल्या तिने त्याची सुटी वायर पिनेसकट काढून खिशात टाकली होती. घरातलं कुणीतरी मदत म्हणून मधेच बटण दाबतं, हा तिचा अकरा वर्षांचा अनुभव.

“कुणी फुंकलं?” तोंडातला टॉर्च काढून तिने विचारलं.

“कशात?” सूनबाई म्हणाली.

“ह्या बाजूच्या भोकात. आत भिंग आहे, त्यातून यंत्राला धूळ दिसते. भिंगावर थुंकीचे शिंतोडे आहेत.”

“मी नाही हं.”

खुर्चीतल्या सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. सुनेच्या हातातल्या फोनमधून त्यांचे चिरंजीव जरा जास्तच घाईने म्हणाले, “मी कशाला फुंकू?”

“म्हणजे तिघांनीही,” फुंकरताई म्हणाली आणि पुन्हा टॉर्च दातांत धरला.

हे नाव तिला असंच पडलं. वय चोपन्न. त्यातली एकोणीस वर्षं एका कॉलेजात चव्वेचाळीस सूक्ष्मदर्शकांची देखभाल करण्यात गेली. मुलं भिंगावर ‘हाः’ करायची आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायची, ती दारातूनच ओरडायची, “फुंकू नका!” पुढे कॉलेजाने सूक्ष्मदर्शक काढून संगणकाचे पडदे लावले आणि हिने घराघरांतली यंत्रं दुरुस्त करायला घेतली. ओरडणं तेच राहिलं. तिच्या स्वतःच्या घरी हवा शुद्ध करणारं यंत्र नाही. खिडकी आहे.

आजची तक्रार मात्र तिच्या वहीत आधी कधी लिहिली गेली नव्हती. यंत्राला तीन दिवे: हवा चांगली असली की हिरवा, बरी असली की नारिंगी, वाईट असली की लाल. गेले आठ दिवस सासूबाई खोलीत येऊन यंत्राच्या उजवीकडच्या आपल्या खुर्चीत बसल्या की दिवा लाल व्हायचा आणि यंत्र विमान उडाल्यासारखं गर्जायचं. त्या उठून गेल्या की पंधरा-वीस मिनिटांनी हिरवं. सून डावीकडच्या टेबलाशी बसून दिवसभर ऑफिसचं काम करायची, तिच्यावर ते एकदाही गुरगुरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले होते, “आई आली की यंत्रालाही घाम फुटतो.”

ते एकटेच हसले. काल संध्याकाळी सासूबाईंनी निकाल जाहीर केला. उद्या साडेअकराला टॅक्सी येईल. तोवर यंत्र सुधारलं तर टॅक्सी परत, नाहीतर त्या लेकीकडे. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. तपकिरी बॅग दाराशी उभी होती, तिच्या पट्ट्यात छत्री खोचलेली.

“किती वेळ लागेल?” सासूबाईंनी विचारलं.

“तासभर.”

“म्हणजे अकरा वाजून सात.”

“मावशी, तुम्ही शाळेत होतात का?”

“टपालात. तारखेचे शिक्के मारायचे मी.”

फोनमधून चिरंजीव म्हणाले, “ते भंगारात देऊन टाका ना, नवीन आणू.”

“तू गप्प बस,” दोघी एकदम म्हणाल्या. सुनेने फोन टेबलावर उताणा ठेवला, पण बंद केला नाही.

फुंकरताईने खिशातून कागदाचा कपटा काढला, पिन लावली, यंत्र चालू केलं आणि कपटा मागच्या जाळीशी धरला. यंत्र नीट हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटतो. हा नुसता लोंबकळत राहिला.

“ह्याचं नाक चोंदलंय,” ती म्हणाली. “जेमतेम श्वास घेतंय. त्यामुळे उजवीकडच्या भोकाशी जे येईल तेवढंच त्याला कळतं. डावीकडे कुणी नाचलं तरी पत्ता नाही.”

पिन पुन्हा खिशात गेली. मागचं झाकण उघडल्यावर जाळीवर धुळीची गोधडी निघाली. फुंकरताईने ती वर्तमानपत्रावर अलगद उतरवली आणि उकिडवी बसून वाचायला घेतली. वर्तमानपत्र नव्हे, धूळ.

“करडी लोकर. मावशींचा स्वेटर. हा लांब केस, मुळाशी काळा, टोकाला तांबडा.”

“माझा,” सून म्हणाली.

“पाव रोज करपतो तुमच्याकडे.”

“ते आमचे हे!” सुनेने फोनकडे बोट दाखवलं. “बाई, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?”

“तिथेही लोक फुंकतात.”

सासूबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

लोकरीच्या खाली आणखी एक थर होता. पांढरा, बारीक, चकाकणारा. फुंकरताईने तो चिमटीत घेऊन चोळला. पीठ म्हणावं तर चिकटत नव्हता, भिंतीचा चुना म्हणावा तर खरखरत नव्हता, आणि अंगाला लावायच्या पावडरीसारखा वासही नव्हता. बोटं एकमेकांवरून अशी सटकली की जणू मधे तेल आहे. ही सटक तिला ओळखीची होती. कॉलेजात मुलांच्या खोलीत कॅरम होता. तिथून उठून आलेल्या प्रत्येक पोराच्या बोटांवरून ही पावडर एकोणीस वर्षं तिच्या भिंगांवर येत होती.

तिने मान वर केली. समोर सासूबाईंच्या स्वेटरची उजवी बाही, आणि कोपरापासून मनगटापर्यंत करड्यावर पांढरा पट्टा. सासूबाईंनी तिची नजर पकडली. मान एकदाच हलवली, डावीकडून उजवीकडे.

फुंकरताई जाळी उचलून ती साफ करायला मागच्या गॅलरीत गेली. दोन मिनिटांत सासूबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि पाठीमागे दार लोटलं.

“सांगू नकोस तिला.” ‘तुम्ही’ बैठकीच्या खोलीतच राहिलं होतं.

“कॅरम?”

“सामानाच्या खोलीत. रोज साडेसहा ते साडेसात, सगळे झोपेत असताना. दार लावून.”

“मग चोरी कसली त्यात?”

“गेल्या वर्षी इमारतीच्या स्पर्धेत आम्ही दोघी जोडीने अंतिम फेरीत होतो. राणी घे, असं मी हिला खुणावलं. हिने ती घेतली, पण मागोमाग कव्हरची सोंगटी चुकवली. हिचं म्हणणं, राणी घ्यायलाच नको होती. जिन्यात असं भांडलो की दुसऱ्या मजल्याने दारं उघडली. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, पुन्हा बोर्डाला हात लावणार नाही. तीही तेच म्हणाली. आता कुठल्या तोंडाने सांगू? मी एकेरीत नाव दिलंय. नऊ दिवसांनी सामने आहेत.”

“मावशी, अहो, मग यंत्र खरं बोलतंय. बाही झटकली की पावडर उडते, ती त्याला दिसते.”

“त्याला गप्प कर ना.”

“ते मला येत नाही. मला साफ करता येतं.”

सासूबाईंनी पेल्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “आणखी एक आहे. खेळून झालं की मी सोंगट्या लावून ठेवते, काळ्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर सगळ्या मिसळलेल्या. स्ट्रायकर मोज्यात ठेवते, तो पावडरच्या डब्यात सापडतो. माझं डोकं चाललंय गं. म्हणून जायचंय लेकीकडे. तिच्या ओळखीचा डॉक्टर आहे. यंत्राचं निमित्त झालं.”

फुंकरताईने जाळीवर ब्रश फिरवला, एका दिशेने, वरून खाली. मग आणखी एकदा फिरवला, गरज नसताना.

आतला घडीघडीचा जाड फिल्टर तिने धुतला नाही. तो पाण्याने मरतो. वर्तमानपत्रावर हलकेच आपटला, छोट्या व्हॅक्यूमने ओढला. भिंगासाठी कापसाच्या तीन काड्या लागल्या: एक ओलसर, दोन कोरड्या. शेवटी रबरी फुग्याने दोनदा वारा मारला. सून वाकून पाहत होती. तिचे गाल फुगलेले दिसताच फुंकरताई ओरडली, “फुंकू नका!”

“सवय हो,” सून म्हणाली आणि गालांतली हवा नाकाने सोडली.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी झाकण बसलं. यंत्र सुरू झालं. कागदाचा कपटा जाळीला असा चिकटला की सोलून काढावा लागला. दिवा हिरवा. फुंकरताई स्वतः समोरून दोनदा गेली, हिरवाच. फोनमधून चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या.

“आता मी,” सासूबाई म्हणाल्या.

त्या आल्या, खुर्चीत बसल्या, हात हातावर ठेवला. यंत्राने तीन सेकंद विचार केला. मग लाल दिवा, आणि अशी गर्जना की टेबलावरचे कागद उडाले. साफ केलेलं यंत्र पहिल्यापेक्षा दुप्पट जोराने ओरडत होतं.

“बाई?” सून म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

“यंत्र चांगलं आहे,” फुंकरताई म्हणाली. खोटं बोलता आलं असतं तर तिने ते आजच वापरलं असतं. “त्याच्यात बिघाड नाही.”

“झालं तर,” सासूबाई उठल्या. “मी दिला शब्द पाळते.”

अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. त्या दाराशी जाऊन स्टुलावर बसल्या आणि बूट घालू लागल्या. नाडीचे बूट होते, त्यात कंबर वाकत नव्हती; एका बुटाला चार मिनिटं गेली. तेवढ्यात यंत्राने खोलीतली हवा ओढून स्वच्छ केली, आवाज उतरला, दिवा हिरवा झाला. नव्या दमाचं यंत्र होतं, त्याला आता वेळ लागत नव्हता. सासूबाईंनी दुसरी नाडी बांधली आणि बॅगेच्या पट्ट्याला हात घातला.

“आई, थांबा!” सून टेबलामागून धावत सुटली. एरवी ती डावीकडून जायची. आज जवळची वाट म्हणून उजवीकडून, खुर्ची आणि यंत्र यांच्यामधून, हात पुढे करून.

यंत्र गर्जलं.

सून जागच्या जागी थांबली. दिवा लालभडक. सासूबाई बॅग धरून वळल्या आणि यंत्राकडे पाहू लागल्या, मग सुनेकडे.

“आता हिलापण?” त्या म्हणाल्या.

फुंकरताई उठली. टॉर्च लावला आणि सुनेच्या निळ्या सदऱ्याच्या उजव्या मनगटावर धरला. शिवणीत पांढरी रेघ. तिने ती चिमटीत घेऊन चोळली. बोटं सटकली.

“हे काय आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“पीठ,” सून म्हणाली.

“कसलं?”

“असंच. साधं.”

“घरात आठवडाभर पीठ नाही. मीच यादीत लिहिलंय.” सासूबाई जवळ आल्या, सुनेची बाही धरली, नाकाशी नेली. टपालातल्या बाईने शिक्का तपासावा तशी तपासली. मग हळूहळू त्यांचे डोळे मोठे झाले. “तू खेळतेस!”

“नाही म्हणजे... जेवणाच्या सुट्टीत. तुम्ही दुपारी पडता तेव्हा. आज तुम्ही बॅग भरत होतात, मला काही सुचेना, म्हणून सकाळी दोन बोर्ड...”

“सामानाच्या खोलीत?”

“हो.”

“माझ्या सोंगट्या तू मिसळतेस?”

“तुमच्या?” सुनेने त्यांच्या बाहीकडे पाहिलं. करड्यावर पांढरा पट्टा. “आई! पावडर तुम्ही संपवता! मला वाटलं, मीच मूठ मूठ टाकते. आणि स्ट्रायकर मोज्यात कोण घालतं? मी घाबरले हो, म्हटलं घरात कुणीतरी येतंय!”

“आणि मला वाटलं, माझं डोकं गेलं!”

सासूबाई बॅगेवरच बसल्या. छत्रीचा दांडा मोडल्याचा आवाज आला. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. “शाबूत आहे!” त्या फुंकरताईला म्हणाल्या. “ऐकलंस? माझं डोकं शाबूत आहे! हीच चोर आहे!” आणि त्या हसू लागल्या, आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सून त्यांच्या शेजारी फरशीवर बसली आणि भिंतीला डोकं टेकून खिदळली. दोघींच्या बाह्या हलत होत्या आणि यंत्र जिवाच्या आकांताने ओरडत होतं.

“काय झालं? आई गेली का?” फोनमधून चिरंजीव.

“तू गप्प बस!” ह्या वेळी तिघी म्हणाल्या.

“मी एकेरीत नाव दिलंय,” सून डोळे पुसत म्हणाली.

“मीपण.”

“पहिल्याच फेरीत समोरासमोर आलो असतो तर?”

“तर तुला कव्हर शिकवलं असतं.”

“राणी घ्यायलाच नको होती, आई.”

“पुन्हा तेच!” पण त्यांचा हात सुनेच्या खांद्यावर होता. दुहेरीचे अर्ज उद्या दहापर्यंत घेणार होते, हे दोघींनाही तोंडपाठ होतं.

फुंकरताईने आपलं कार्ड भरलं. प्रत्येक घरी ती एक कार्ड ठेवते, त्यात ‘कारण’ आणि ‘उपाय’ असे दोन रकाने असतात. कारण: कॅरमची पावडर, खेळाडू दोन. उपाय: खेळताना सामानाच्या खोलीचं दार लावणे, बाह्या गॅलरीत झटकणे, जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करणे. खाली, नेहमीप्रमाणे अधोरेखित करून, न फुंकणे.

साडेअकराला खाली टॅक्सीचा भोंगा वाजला. सासूबाई एका पायातला बूट काढून बसल्या होत्या. त्यांनी फुंकरताईच्या जड पेटीकडे पाहिलं.

“तुझं पुढचं काम कुठे आहे?”

त्याच टॅक्सीने फुंकरताई अकरा वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या घरी वेळेआधी पोचली. तिथल्या गृहस्थांनी दार उघडलं आणि अभिमानाने सांगितलं की त्यांनी यंत्र खोलून, चांगलं फुंकून ठेवलंय.

इकडे चौथ्या मजल्यावर यंत्राच्या डोक्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे, टपालातल्या गोल अक्षरात: सकाळी साडेसहा ते आठ बंद. उद्या साडेसहाला सामानाच्या खोलीत पहिला फटका सासूबाईंचा आहे. त्यासाठी नाणं आजच उडवून झालंय.